खलिता क्रमांक एकसष्ट

१४ ऑक्टोबर

बावीस वर्षं गव्हर्नरांच्या कचेरीत मी दुसऱ्यांची वाक्यं सुवाच्य अक्षरात उतरवून काढतोय. आज म्हटलं, स्वतःचं एखादं लिहून बघावं. गव्हर्नरसाहेबांच्या घरातल्या स्वयंपाकीणबाई, मिसेस डूली, त्यांच्याकडून ही वही मागून घेतली. पहिल्या चार पानांवर त्यांची मुरंब्याची कृती आहे. "बघा हो पडिस्टर," त्या म्हणाल्या, "तुमचं लिखाण माझ्या मुरंब्यापेक्षा आंबट निघायला नको."

खरं कारण वेगळंच आहे. आज टपालात ट्रायफिनाचं पत्र आलं. ती माझी धाकटी बहीण, बेअर आर्मच्या खाडीवर असते. गव्हर्नरसाहेबांचे चिटणीस कॅप्टन हॅलम स्वतः ते घेऊन आले आणि पत्त्याची बाजू खाली करून माझ्या मेजावर ठेवलं. "तुमचं खासगी दिसतंय." मी म्हणालो, घरमालकिणीच्या कुणा ओळखीतल्या बाईचं असेल. ते "बरं" म्हणाले नि गेले.

तिच्या नवऱ्याला, एसावला, पकडलंय. खाडीत हेरिंग मासळी घ्यायला अमेरिकन गलबतं आली आहेत. हा आपली बोट नि जाळं घेऊन त्यांच्याकडे कामाला लागला. यंदाच्या नव्या कायद्याने आपल्या माणसांना ते बंद आहे. तीन महिने कैद, आणि बोट जप्त. दोन डिसेंबरला तिचा लिलाव. ट्रायफिना लिहिते, "बोट गेली तर हिवाळ्यात पोरांना काय बर्फ चावायला देऊ? तू म्हणे राजाची पत्रं लिहितोस. मला एवढंच कळव, राजाला अर्ज करताना सुरुवात कशी करायची आणि शेवटी काय लिहायचं. मधलं माझं मी बघते."

उत्तर लिहायला बसलो नि उठलो. या कचेरीतल्या माणसाने अर्जदाराला मदत करणं नियमात बसत नाही. हे झालं एक. दुसरं असं की मी बेअर आर्मचा आहे हे इथे कुणालाच ठाऊक नाही. नोकरीला लागताना सांगितलं, मी राजधानीतलाच, इथे सेंट जॉन्सलाच वाढलो. बोलण्यातला खाडीचा हेल घासूनपुसून काढून टाकला. तेव्हा एक थाप मारली, आता बावीस वर्षं तिला खतपाणी घालतोय.

१७ ऑक्टोबर

उत्तर लिहिलं नाही.

मासळी खात्याचे मंत्री दोनदा येऊन गेले. साहेबांच्या खोलीचं दार बंद होतं, पण आवाज दाराला जुमानत नव्हते. गेल्या साली आमच्या बेटाला डोमिनियन, म्हणजे आपला कारभार आपण बघणारा मुलूख, म्हणायला लागल्यापासून मंत्र्यांची मान ताठ झाली आहे. कायदे त्यांचे, पण लंडनशी बोलायचं तर ते साहेबांच्या तोंडून. म्हणजे शेवटी माझ्या लेखणीतून. लंडनला अमेरिकेशी तंटा नको आहे. मंत्र्यांना आपला कायदा पाळला गेलेला दाखवायचाय. मध्ये साहेब. सर एव्हरार्ड सज्जन माणूस, त्रेसष्टीचे, हल्ली जेवण टाकतात अशी मिसेस डूलींची तक्रार आहे.

दोन्हीकडच्यांच्या खिजगणतीत नसलेली ती एक बोट. ती मी ओळखतो. तिच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, निळा पट्टा आहे, तो मीच ओढला होता, अठरा वर्षांचा असताना.

२६ ऑक्टोबर

अर्ज आला. तिने माझी वाट पाहिली नाही. नोंदवहीत चढवताना शाईचा ठिपका पडला. बावीस वर्षांतला पहिला. अर्ज इथे उतरवून ठेवतो:

"राजेसाहेब, सुरुवात कशी करायची ते कुणी सांगितलं नाही, म्हणून अशीच करते. माझ्या नवऱ्याने चोरी केलेली नाही. आमच्या खाडीतली मासळी आमच्याच जाळ्यात धरून परक्या गलबतावर टाकली. ती गलबतं तुमच्या परवानगीने येतात असं ऐकते. ती आलेली चालतात आणि आमचा माणूस त्यांच्याकडे गेलेला चालत नाही, हे मला समजलं नाही. त्याला ठेवायचं तर ठेवा, कैदेत तो पोटभर जेवतो. पण बोट सोडा. बोट मी चालवीन. शेवट कसा करायचा तेही माहीत नाही. ट्रायफिना बगडेन, बेअर आर्म."

कॅप्टन हॅलमनी तो दोनदा वाचला. "बाई खमकी आहे," ते म्हणाले. "पडिस्टर, त्या बाजूचं कुणी ओळखीचं आहे का तुमच्या?"

"नाही," मी म्हणालो. "त्या बाजूला मी कधी गेलेलोच नाही."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मंत्र्यांच्या शेऱ्याशिवाय कोणताही अर्ज राजाकडे जात नाही, तेव्हा तो शेऱ्यासाठी त्यांच्याकडे गेला. जेवायला वाटाण्याचं सूप होतं. मिसेस डूलींनी विचारलं, "काय हो, चेहरा का असा? वाघ मागे लागलाय का?" मी म्हणालो, दाढ दुखतेय.

४ नोव्हेंबर

अर्ज कोराच परत आला. म्हणजे शेरा आहे, पण "विचाराधीन" एवढाच. मी चांगला ओळखतो हा शब्द. लिलाव होऊन जाईपर्यंत विचार चालणार. अर्ज माझ्याकडच्या तबकात, शेऱ्याची वाट बघणाऱ्या कागदांत जाऊन पडला. तिथे सहा वर्षांपूर्वीचेही कागद आहेत.

झोप नाही, भूक नाही. रस्त्यात हेरिंगचा वास आला तरी वाट बदलतो. तिला दोन ओळी लिहिल्या असत्या तर काय आभाळ कोसळणार होतं? पण नाही लिहिल्या. भित्रा तो भित्राच.

९ नोव्हेंबर

आज जे केलं ते लिहू की नको? लिहितो. कुठेतरी ओकायलाच हवं.

तीन वाजता लिव्हरपूलची आगबोट सुटणार होती. लंडनच्या थैलीत सात खलिते, म्हणजे साहेबांची सरकारी पत्रं, अठ्ठावन्न ते चौसष्ट. प्रत्येक खलित्याला क्रमांक असतो आणि थैलीबरोबर क्रमांकांची यादी जाते. यादीत विषय लिहायचा नसतो, नुसते आकडे. सहीशिक्क्याची ती यादी सकाळीच बोटीवर पोहोचली होती.

अकरा वाजता कॅप्टन हॅलम एकसष्ट क्रमांक हातात घेऊन आले आणि सरळ शेगडीत टाकला. मीच उतरवलेला होता, त्यामुळे आत काय होतं ते ठाऊक होतं. सहा पानं, सगळी मासळीवाल्या मंत्र्यांविरुद्ध. "साहेबांनी रागाच्या भरात लिहिलं होतं," ते म्हणाले. "राग उतरला."

मी म्हणालो, "पण यादी गेली, कॅप्टन! लंडनला एकसष्ट मिळाला नाही तर ते विचारणार एकसष्ट कुठे आहे. मग मंत्री विचारणार एकसष्टमध्ये काय होतं. एक आकडा गळाला की वर्षभर पत्रं चालतात."

"मग घाला काहीतरी एकसष्टमध्ये."

"काय घालू?"

"काहीही. हवामानाचा सप्टेंबरचा तक्ता घाला, तो पडूनच आहे." असं म्हणत त्यांनी कोपऱ्यातलं ते शेऱ्यांचं तबक उचललं आणि माझ्या मेजावर, नेमकं हवामानाच्या तक्त्यावर, आणून ठेवलं. कसला गबाळा माणूस! तक्ता मागायचा नि त्याच्यावरच ओझं ठेवायचं. "मी जेवायला जातोय," ते म्हणाले. "एक वाजेपर्यंत येत नाही." हा माणूस एरवी मेजावरच बिस्किट कुरतडतो.

तबकात सगळ्यात वर तिचा अर्ज होता.

मी तक्ता बाहेर काढला. परत ठेवला. उठलो, दाराची कडी बघितली, पुन्हा बसलो. मग काय संचारलं कोण जाणे, एकसष्टचं सोबतपत्र लिहिलं: "सोबत बेअर आर्म येथील ट्रायफिना बगडेन यांचा अर्ज पाठवीत आहे. आपला अत्यंत आज्ञाधारक नम्र सेवक." बस्स, एवढंच. नोंदवहीत मात्र विषयाच्या रकान्यात लिहिलं, "हवामानाचा तक्ता, सप्टेंबर." त्या वहीत मी लिहिलेली ही पहिली थाप.

एक वाजता साहेब सह्या करायला बसले. ते कधी वाचत नाहीत, सही करतात नि कागद सरकवतात. चौथ्या कागदावर हात थांबला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 

"पडिस्टर, बेअर आर्मची खाडी कधी गोठते हो?"

"जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, साहेब. पण डिसेंबरातच कडेला पापुद्रा धरतो, तेव्हा जाळं..." आणि जीभ चावली. "असं तक्त्यात आहे, साहेब."

"तक्त्यात आहे. हो." आणि सही करून कागद सरकवला.

देवच पावला! सोबतपत्रावर नजर न टाकताच त्यांनी तो हवामानाचा कागद समजून सही केली. नाहीतर थंडीचं कशाला विचारलं असतं? लाख लावली, थैली शिवली, गेली.

१२ नोव्हेंबर

साहेबांची एक चिठ्ठी आली, त्यांच्या त्या लाल शाईत. लाल शाई इथे फक्त गव्हर्नर वापरतात. "सप्टेंबरचा हवामान तक्ता पुढच्या थैलीने आठवणीने जावा."

मी सर्द झालो. तीन दिवसांपूर्वी ज्याच्यावर सही केली तोच पुन्हा मागतात! मिसेस डूलींना म्हटलं, साहेबांची स्मृती जायला लागली. त्या म्हणाल्या, "काल त्यांनी मला सांगितलं, सोळा वर्षांपूर्वीच्या नाताळात मी केकात मनुका कमी घातल्या होत्या. स्मृती जायला लागली म्हणे!"

१९ नोव्हेंबर

आगबोट काल लिव्हरपूलला लागली असणार. रोज मनाशी म्हणतो, आज सांगून टाकावं. रोज सांगत नाही. खाल्ल्या मिठाशी बेइमानी केली, आणि तीही धडपणे नाही, चोरून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय. कुणी दार जरा जोरात लावलं तरी मी उभा राहतो.

२४ नोव्हेंबर

लंडनची सांकेतिक तार. उलगडायचं काम माझंच. आकड्यांचा एक एक गट कोशात शोधायचा नि पुढे शब्द लिहायचा. "आपला." "खलिता." "एकसष्ट." इथवर आल्यावर लेखणी खाली ठेवली. पाणी प्यालो. "मंत्र्यांचा शेरा." "जोडलेला नाही." "तातडीने." "खुलासा."

कोशाची पानं उलटत स्वतःचाच फास वळत होतो. तार नेऊन दिली. साहेबांनी वाचली आणि कॅप्टन हॅलमना म्हणाले, "आली." एवढंच. हा काय प्रकार?

२५ नोव्हेंबर

शेऱ्यासाठी तार मंत्र्यांकडे गेली, आणि ते आले ते ओरडतच. "आम्हाला डोमिनियन म्हणायचं आणि लंडनला आमच्या डोक्यावरून अर्ज पाठवायचे? मग आम्ही इथे कशाला बसलोय, तिकिटं चिकटवायला? कुणी पाठवला तो? मला नाव हवंय!"

खोटं कशाला बोलू, त्यांचंही म्हणणं चूक नाही. कायदा त्यांचा, लोकांनी त्यांना निवडून दिलंय. पण तरीही बोट ती बोट.

ते गेल्यावर मी आत गेलो. ठरवून गेलो होतो. "साहेब, तो एकसष्ट क्रमांक..."

"पडिस्टर, बसा. तार लिहून घ्या."

"साहेब, मला सांगायचंय की तो..."

"आधी तार." ते खिडकीकडे तोंड करून सांगू लागले: "खलिता एकसष्ट मी पूर्ण विचारांती, मंत्र्यांच्या सल्ल्याशिवाय, केवळ माझ्या जबाबदारीवर पाठवला." थोडं थांबून म्हणाले, "यात कोणत्याही कारकुनाचा संबंध नाही, असं लिहू नका. कुणी विचारलेलं नाही. न विचारता सांगितलं की संशय येतो."

"पण साहेब..."

"तुमचं अक्षर लंडनला फार वाखाणतात. जा, लावा तार."

बाहेर येऊन तार लावली. बिचारे! आपण न वाचताच सही केली हे कबूल करायची लाज वाटते त्यांना, म्हणून सगळं स्वतःवर ओढवून घेतलं. मोठ्या माणसांचा अभिमान असा असतो. माझ्यापायी हा माणूस गोत्यात आला आणि त्याला त्याचा पत्ताही नाही.

२६ नोव्हेंबर

आजच्यासारखं काम वैऱ्यावरही येऊ नये. मंत्रिमंडळाने साहेबांविरुद्ध तक्रार लिहिली: हे गव्हर्नर परत बोलवा. पण मंत्र्यांना लंडनशी थेट बोलता येत नाही, म्हणून ती तक्रार साहेबांनीच पाठवायची. तिचं सोबतपत्र मी लिहिलं, खलिता क्रमांक अडुसष्ट. साहेबांनी सही केली, "आपला अत्यंत आज्ञाधारक नम्र सेवक" या ओळीखाली. वर मला विचारतात, "तक्रारीची प्रत स्वच्छ आलीय ना? पाच नंबरचं कलम चांगलं लिहिलंय त्यांनी."

२८ नोव्हेंबर

लंडनची दुसरी तार! "प्रकरणाच्या गुणदोषांत न शिरता, अमेरिकेशी बोलणी चालू असेपर्यंत सदर बोटीची विक्री थांबवण्याचा मंत्र्यांनी विचार केल्यास आनंद होईल." लंडनला आनंद होईल म्हणजे कान धरून सांगितलं. मंत्री तोंड फुगवून बसले आणि चार वाजता कबूल झाले. पावणेपाचला बेअर आर्मच्या न्यायाधीशाला तार गेली. मी स्वतः तारघरापर्यंत धावलो, टोपी उडाली ती उडालीच.

२९ नोव्हेंबर

तार पोहोचलेली नाही. गारठ्याने तारांवर बर्फ धरलं आणि अलीकडच्या डोंगरात खांब पडले. तिथल्या तारमास्तराने एका माणसाला पायी धाडलंय. बर्फाच्या तीन दिवसांच्या वाटेवर. आज एकोणतीस. एक, दोन, तीन, बोटांवर मोजून मोजून बोटं दुखायला आली.

१ डिसेंबर

कॅप्टन हॅलम म्हणाले, "बसा की हो पडिस्टर, जमीन झिजेल." मिसेस डूलींनी भिजवलेलं बिस्किट नि खारा कॉड मासा समोर ठेवला, वर काकवी ओतली. घास उतरला नाही. "कुणाची एवढी काळजी करताय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हवामानाची." त्यांनी ॲप्रनने डोळे पुसले. कांदे चिरत होत्या.

२ डिसेंबर

काही नाही. तारघरात चारदा जाऊन आलो.

३ डिसेंबर

तार आली. तारा रात्री दुरुस्त झाल्या होत्या. माझ्या नावाने, कचेरीच्या पत्त्यावर, उघडीच. कॅप्टन हॅलमनी आणून दिली, या वेळी लेखी बाजू वर होती.

"बोट सुटली. माणूस लिलावाआधी तासभर पोहोचला. पाय सुजलेत त्याचे, आमच्याकडे झोपलाय. एसाव अजून आतच. उद्या मी जाळं टाकते. राजा चांगला आहे. तू पत्राला उत्तर का दिलं नाहीस. ट्रायफिना."

संडासात जाऊन रडलो. लिहायला लाज वाटते, पण हमसून हमसून रडलो.

१६ डिसेंबर

सांकेतिक तार. "प्रकृतीस." "विश्रांती." "आवश्यक." "समजून." "रजा." मी उलगडत गेलो नि मन बसत गेलं. साहेबांना परत बोलावलंय. पुढची नेमणूक कुठेच नाही. तार वाचून साहेब म्हणाले, "छान. गुलाब लावीन."  माझ्या एका कागदाने हे झालं, हे त्यांना कुणी सांगायचं?

२१ डिसेंबर

साहेब सकाळच्या आगबोटीने गेले. धक्क्यावर सगळे ओळीत उभे होतो. माझ्यापाशी आले, हात हातात घेतला. मी म्हणालो, "साहेब, मला तुमची माफी मागायचीय, पण कशाबद्दल ते..." ते म्हणाले, "नवीन साहेबांसाठी नोंदवही नीट लावून ठेवा, पडिस्टर. नीट म्हणजे अगदी नीट. एकदा चाळून बघा." मनात म्हटलं, जातानाही कचेरीच!

दुपारी चाळायला घेतली. ती थाप लिहिल्यापासून मागचं पान मी उघडलंच नव्हतं. नोव्हेंबरच्या पानात फीत घातलेली होती. मी घातलेली नव्हती.

एकसष्टच्या ओळीत माझ्या "हवामानाचा तक्ता, सप्टेंबर" वर एक सरळ रेघ. वर लाल शाईत: "ट्रायफिना बगडेन, बेअर आर्म, यांचा अर्ज. वाचून पाठवला." खाली सही आणि तारीख. नऊ नोव्हेंबर.

नऊ! त्याच दिवशी. पुढच्या रकान्यात बारीक अक्षरात: "तक्ता राहिला. चिठ्ठी देणे."

खुर्चीत बसून राहिलो. ते तबक. एक वाजेपर्यंत न येणारे कॅप्टन. "बेअर आर्मची खाडी कधी गोठते हो?" मग एकदम ओरडलोच, "अरे गाढवा!" मिसेस डूली लाटणं घेऊन धावत आल्या. मी वही दाखवली. त्यांनी वाचायला घेतलंच नाही. "कळलं का एकदाचं?" त्या म्हणाल्या. "पडिस्टर, बावीस वर्षं तुम्ही 'मासळी' म्हणताना खाडीवाल्यांसारखा हेल काढता. या घरातल्या मांजराला पण ठाऊक आहे तुम्ही कुठले ते."

ट्रायफिनाला पत्र लिहिलं. चार पानं. नाताळात येतोय असं कळवलं, आणि राजाला लिहिताना शेवटी काय लिहायचं तेही, उशिरा का होईना, कळवलं.

मग दुसरं पत्र घेतलं, सर एव्हरार्डना. मधलं काय लिहिलं ते इथे लिहीत नाही. शेवट मात्र तोच केला, जो मी हजारो वेळा दुसऱ्यांसाठी उतरवला आणि एकदाही वाचला नाही: आपला अत्यंत आज्ञाधारक नम्र सेवक. आज शब्दन् शब्द मनापासून लिहिला. खाली सही केली. अँब्रोझ पडिस्टर, बेअर आर्मचा.